प्रवेश मिळाला

आई मांडवीजवळच्या दवाखान्यात आठ दिवस होती. तिथल्या दिवसपाळीच्या नर्सचं नाव मी विचारलंच नाही. सुई टोचण्याआधी ती दोन्ही तळवे चोळून गरम करायची, मगच आईचा हात धरायची.

"नव्या पोरींना शीर सापडत नाय. त्यांना कुणी नीट शिकवलेलंच नाय," ती म्हणायची. म्हणून तिला एम.एस्सी. करून नर्सिंग कॉलेजात शिकवायचं होतं.

औषधांच्या वेळा लिहायच्या माझ्या वहीत मी तिच्यासाठी कॉलेजांची यादी केली. चांगली कॉलेजं फी बघूनच खोडावी लागली. एकच परवडणारं उरलं. तिने फोन लावला आणि ठेवल्यावर हसली. "यायची गरज नाय म्हणतात. हजेरी तेच लावणार. परीक्षेला तेवढं जायचं."

"मग नोकरी सांभाळून होईल की!" मी म्हणाले आणि त्या नावावर बरोबरची खूण केली.

आईला घरी सोडलं त्या दिवशी मी विचारलं, "काय ठरलं गं?"

"घेतला प्रवेश." आईच्या हातातली सुई अलगद काढत ती म्हणाली, "दोन वर्षांनी मीच शिकवायला उभी राहीन. तुम्ही मात्र माझ्या विद्यार्थिनींच्या हाती सापडू नका हां, काकू."