दुसऱ्यांदा घातलेला टाका

तुझ्या आजोबांना सगळे डावऱ्या म्हणायचे. डाव्या हाताने शिवायचे ना, म्हणून. पोस्टाच्या पायरीशेजारी त्यांची जागा. एक गोणपाट, दाभण, मेणाचा गोळा, लाखेची कांडी आणि मेणबत्ती, झालं दुकान. लोक पार्सल घेऊन यायचे, हे ते पांढऱ्या कापडात बसवायचे, चारी अंगांनी शिवायचे, वर लाख लावून द्यायचे. दोरा मी घरी वळायचे, तीन पदरी. "तुझा दोरा आणि माझा टाका," म्हणायचे, "पोस्ट तुटेल पण पार्सल तुटणार नाही." आणि आपल्याच बोलण्यावर आपणच हसायचे. बायकोला हसवायचं असतं हे त्यांना कधी कळलंच नाही.

उजव्या हाताच्या माणसाचा टाका एका बाजूला कलतो, यांचा दुसऱ्या. शंभरात ओळखू यायचा. म्हणून कचेरीवाले निवडणुकीला यांनाच बोलवायचे. मतदान संपलं की पेट्या शाळेत यायच्या. पेटीला कुलूप, कुलपावरून कापड, कापडाला यांचे टाके, टाक्यांवर लाख आणि लाखेवर कचेरीचा शिक्का. पूर्वी कधीतरी एक पेटी फाटक्या कापडाची निघाली आणि डोकी फुटली होती. तेव्हापासून रीतच पडली. मोजणीला पेटी उघडायच्या आधी यांना समोर उभं करायचं. हे वाकून टाका बघायचे आणि म्हणायचे, "माझा." मगच कात्री लागायची. दोन्हीकडचे लोक ते मानायचे. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचा एक शब्द, पण मानायचे.

त्या वर्षी मात्र हवाच निराळी होती. वर जो बसला होता त्याला लोक आपसात 'मालक' म्हणायचे, तेसुद्धा दार लावून. दोनदा निवडणूक पुढे ढकलून झाली होती. ज्या साहेबाने नाही म्हटलं त्याची बदली, ज्या पेपराने छापलं त्याला टाळं. बाजारात बायका भाजी निवडताना मान वर करत नव्हत्या. तरी मतदान झालं. रांगा लागल्या, एक अक्षर न बोलता लोक उभे राहिले. संध्याकाळी यांनी चाळीस पेट्या शिवल्या आणि घरी येऊन आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोस्टासमोर जीप थांबली. आतला माणूस उतरला नाही, बोटाने बोलावलं. शाळेत नेलं. खोलीत पाच पेट्या उघड्याबोडक्या मांडलेल्या, कापड खाली पडलेलं. पाचही पेट्या पुलापलीकडच्या वस्तीच्या. तिथे मालकाला कुत्रं विचारत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

"उंदरांनी कापड कुरतडलं," जीपवाला म्हणाला. "नवीन घाल."

हे कापड बघतात तर चीर कशी सरळ! मला सांगताना म्हणाले, "उंदीर शिकलेले होते गं, कात्री धरून आले होते." पण तिथे हसू आलं नाही. शिक्का त्यांच्या खिशात होता, लाख होती. टाका तेवढा नव्हता. त्यासाठी हे हवे होते.

यांनी म्हटलं, "साहेब, कोणी दोन्हीकडचं हजर असतं तर बरं झालं असतं."

तर जीपवाला म्हणाला, "तुझी मुलगी शाळेत जाते ना? लाल रिबीन लावते ती?"

तुझी आई गं. सहा वर्षांची होती.

यांनी शिवलं. पाचही पेट्या शिवल्या.

घरी आले ते हातच धूत राहिले. मी विचारलं काय झालं, तर मोरीतला नळ सोडला, पाण्याच्या आवाजात सगळं सांगितलं. भिंतीपलीकडे शेजारीण, वाईट नव्हती बिचारी, पण त्या दिवसांत कोण कोणाचं काय ऐकतंय कळत नव्हतं. बादली भरून वाहायला लागली तरी आम्ही बोलतच होतो.

"आणि एक घोळ झालाय," म्हणाले. "पेट्यांच्या कड्यांना जुन्या दोऱ्याचे तुकडे लटकत होते. कापलेले. ते मी उचलले आणि दुमडीत सारून वरून शिवून टाकलं."

"मुद्दाम?"

"छे गं. हाताची खोड. पार्सलवाला जमिनीवर दोरा टाकतो का कधी? घरी येताना लक्षात आलं."

मी म्हटलं, "अहो, कोण बघतंय दुमडीत? कापड कापतात आणि टोपलीत फेकतात. तुम्ही आपलं 'माझा' म्हणा आणि मोकळे व्हा. टाका तुमचाच आहे ना? खोटं कुठे बोलताय?"

ते म्हणाले, "त्याचीच तर भीती वाटते. खोटं बोलायला लावलंच नाही त्यांनी मला."

मोजणीला तीन दिवस होते. तिन्ही दिवस समोरच्या इस्त्रीवाल्याच्या बाकावर एक माणूस बसून. आमच्या दाराकडे तोंड. इस्त्रीवाला पाणी मागायच्या निमित्ताने आला आणि पुटपुटला, "वहिनी, गिऱ्हाईक म्हणावं तर कपडे आणले नाहीत. अंगावरचा शर्ट चुरगळलाय, तोही काढून देत नाही." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तुझ्या आईला ताप आलाय असं सांगून घरात ठेवली. ती लाल रिबीन लावून खिडकीत जायला बघायची, मी फरफटत आत आणायचे. एकदा चापट मारली. तिला आजही वाटतं मी रिबिनीसाठी मारलं.

मी यांच्या पाया पडले, खोटं नाही सांगत. "पुलापलीकडचे आपले कोण लागतात? पोरगी आपली आहे." हे दोऱ्याला मेण लावत बसले, काम नसताना.

मोजणीच्या दिवशी सकाळी मी पोरीला शेजारणीकडे दिली, आतून कडी लावायला सांगितली आणि शाळेत गेले. आत सोडत नव्हते, पण खिडक्या उघड्या होत्या. मी गजाला धरून उभी राहिले. मोजणीचे साहेब बाहेरगावचे, म्हातारे, जाड चष्म्याचे. जीपवाला दाराला टेकून उभा.

पहिली पेटी. हे वाकले. "माझा." दुसरी. "माझा." अशा वीस-बावीस झाल्या. मग त्या पाचांतली एक आली. पेट्या सगळ्या सारख्याच दिसतात, पण यांची मान खाली गेली तशी मला कळलं.

हे वाकलेलेच राहिले.

"काय हो?" साहेबांनी विचारलं. "टाका तुमचा नाही?"

मी गजाआडून ओठातल्या ओठात म्हणत होते, माझा म्हणा, माझा म्हणा. देवाचं नाव घ्यावं तसं.

"टाका माझाच आहे साहेब," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मागचे "काय, काय" करायला लागले. "पण दुसऱ्यांदा घातलेला आहे. पहिला मतदानाच्या संध्याकाळी. हा दुसऱ्या दिवशी दुपारचा, मला बोलावून नेऊन घालून घेतलेला. अशा पाच आहेत. दुमडी उघडून बघा, पहिल्या टाक्याचे कापलेले दोरे सापडतील."

एवढं सगळं एका दमात. त्यांना एका वेळी इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

गलका झाला. म्हाताऱ्या साहेबांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना बसवलं, दुमडी स्वतः उघडली. दोऱ्याचे तुकडे टेबलावर पडले, माझ्या हातचे, तीन पदरी. त्यांनी ते लिफाफ्यात घातले, कागदावर लिहिलं, दोन्हीकडच्यांच्या सह्या घेतल्या, यांचीही. पाच पेट्या बाजूला ठेवल्या. सगळे टेबलाकडे बघत होते. जीपवाला तेवढा माझ्याकडे बघत होता, खिडकीकडे. मी गज सोडला आणि पळत सुटले. पोरगी कडीच्या आत होती, पत्ते खेळत होती शेजारणीबरोबर.

हे घरी आले नाहीत. जबाब घ्यायला कचेरीत नेलंय, असं लोक म्हणाले. एकोणीस दिवस. मी रोज फाटकाशी जायचे आणि शिपाई म्हणायचा, "अशा नावाचा कोणी इथे नाही." मी म्हणायचे, "नाव राहू दे, डावऱ्या विचार." तो दुसरीकडे बघायचा. तेवढ्यात पुलापलीकडे पुन्हा मतदान झालं, मालकाचा माणूस पडला, लोकांनी पेढे नाही वाटले, नुसती दारं उघडी ठेवली त्या संध्याकाळी. मला त्याचं सुख नव्हतं. पंधरा दिवस मी त्या वस्तीला शिव्याच घातल्या.

विसाव्या दिवशी सकाळी दारात उभे. दाढी वाढलेली, चपला नाहीत. मी पाणी दिलं. प्याले आणि आपणहून म्हणाले, "एकच विचारत होते. दोरे ठेवायला कोणी सांगितलं?"

"मग?"

"म्हटलं, सवयीने ठेवले. रोज तेच सांगितलं. कोणाला पटेना."

त्यानंतर दाराकडे पाठ करून कधी बसले नाहीत. जीप वाजली की दाभण हातातच थांबायची. जीपवाला गेला नव्हता ना कुठे, कचेरीत नवे साहेब आले, त्यांच्या हाताखालीही तोच होता.

पुढची निवडणूक आली तसा कचेरीचा माणूस पुन्हा बोलवायला. मी दारात आडवी झाले, म्हटलं यांना बरं नाही. आतून हे बाहेर आले, पिशवी घेतलेली. मग मीही दाराला कुलूप लावलं आणि मागे निघाले. कचेरीचा माणूस म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला?" तेव्हा मी आजी नव्हते, पण चिंतेने केस पांढरे झाले होते. म्हटलं, "दोरा माझा असतो. मी समोर बसणार."

बसले. चाळीसच्या चाळीस पेट्या होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसले. पहिल्या दाभणीत दोरा ओवायला मला चार खेपा लागल्या.