माईकशिवाय वाचलेली कविता

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत मी शाळेतली गणिताची बाई. कविता करते हे सगळ्यांना ठाऊक, ऐकल्या मात्र कुणीच नव्हत्या. गणेशोत्सवातल्या कविसंमेलनात दरवर्षी माझ्या गळ्यात सूत्रसंचालन! त्या वर्षी मी भांडून नाव घालून घेतलं आणि घरी जाहीर केलं, "या खेपेला कुणी ऐकलं नाही तर बस्स! यापुढे एक ओळ लिहायची नाही." नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "बघू." असा संताप आला मला!

मंडळाच्या सेक्रेटरींनी मला सगळ्यात शेवटी ठेवलं. "तुम्ही काय, घरच्याच!" हिंदीतले कवी दाद घेत घेत लांबवत राहिले. अखेर माझं नाव पुकारलं आणि नेमका भोंगा झाला. सुट्टीचा दिवस, पण कारखाना कुठला थांबतोय! दुसऱ्या शिफ्टवाले उठले, त्यांच्यामागे बायका-पोरं उठली. माईकवाला वायर गुंडाळायला लागला.

"अहो, मी अजून उभी आहे ना!"

"मैडम, अब बचा कौन है?"

डोकंच फिरलं माझं. एरवी मी कविता गळ्यातल्या गळ्यात वाचायचे, तशीच वाचतात अशी माझी समजूत. त्या दिवशी वर्गातला आवाज लावला, मागच्या बाकावरच्या कार्ट्यांना दचकवणारा. कविता आईची होती. विदर्भातल्या गावाहून ती पहिल्यांदा आमच्या क्वार्टरमध्ये आली, नळ सोडला, पाणी येतच राहिलं, आणि ती तिथेच खाली बसून रडली. जन्मभर डोक्यावर घागरी वाहिल्या होत्या तिनं.

पहिली शिफ्ट सुटली होती. माणसं सायकली हातात धरून मांडवावरून चालली होती. एक थांबला, मग आणखी काही थांबले. कविता संपली. कुणी टाळी वाजवली नाही. संपलं म्हटलं सगळं.

तेवढ्यात तेलकट कपड्यांतला एक जण पुढे आला. "मैडम, मराठी हमको कम आती है. वो माँ नल के पास बैठ गई न, उतना फिर से पढ़िए."

त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि सतरंजीवर मांडी घालून बसला. बाकीचेही बसले. मला बाई रडूच कोसळलं. तसंच वाचलं.