पान चारशे सदतीस

बाडात दोन पानं घुसवली ती मीच. सुनावणीच्या आदल्या दुपारी समोरच्या पक्षाने एक किरकोळ दोनपानी पत्र मान्य केलं आणि ते कागदपत्रांच्या बाडात घालायचं काम माझ्याकडे आलं. रीत अशी की उशिरा आलेला कागद शेवटी जोडायचा. पण आमच्या गावच्या शाळेत वहीतलं काही तारखेबरहुकूम नसलं की गुरुजी वही खिडकीतून भिरकावत; ती शिस्त अंगात मुरलेली. मी पत्र तारखेप्रमाणे मध्येच बसवलं, पुढच्या साऱ्या पानांना नवे आकडे दिले आणि नव्या प्रती सगळ्यांकडे धाडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंच्या टेबलावर नवं बाड ठेवलं, वर तशी चिठ्ठीही लावली. संध्याकाळी विचारलं तर "हो हो, पाहिली" म्हणाल्या.

बाई म्हणजे आमच्या कचेरीतल्या लवादाच्या वकील. दोन देशांतल्या कंपन्या भांडल्या की दुसऱ्याच्या देशातल्या कोर्टात जायला कोणीच राजी नसतं. मग तिसऱ्याच ठिकाणी एक खोली भाड्याने घेतात, तीन पंच बसवतात आणि तिथे भांडतात. या भाड्याच्या खोल्यांत बाईंची एकतीस वर्षं गेली. वजनकाट्यावरच्या कारकुनाची मुलगी. म्हणायच्या, "बापाने वजनं केली, मीही तेच करते. फक्त माझ्याकडे ट्रक येत नाहीत." कागदाकडे न बघता त्या पान, परिच्छेद, ओळ सांगत, म्हणून आम्ही ज्युनिअर मंडळी त्यांना मागून 'छापखाना' म्हणायचो. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघत. मला वाटे, आपली लायकीच तेवढी.

खरी गोष्ट वेगळी होती. बाईंची नजर मधोमध विझत चालली होती. कडेचं दिसे, समोरचं नाही. चेहऱ्याच्या जागी डाग, अक्षरांच्या जागी डाग. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या नवऱ्याला. ते निवृत्त शाळामास्तर. रोज संध्याकाळी ते बाड वाचत आणि बाई पानाच्या आकड्यासकट पाठ करत. एवढं एक प्रकरण तडीला जाऊ दे, मग आपण होऊन कोट खुंटीला लावीन, असं बाईंनी मनाशी धरलं होतं. तो दुसऱ्या कोणी उतरवायला नको, एवढंच त्यांना हवं होतं.

आमचे पक्षकार क्रेन बनवणारे दोघे भाऊ. त्यांची एक क्रेन परदेशी बंदरात मोडून पडली. बंदरवाले म्हणत क्रेनच कच्ची. आम्ही म्हणत होतो, तुम्हीच तिच्यावर झेपणार नाही इतका भार टाकलात, आणि तसं तुमच्याच इंजिनिअरने साहेबाला लिहिलं होतं. त्या पत्रात आमच्या प्रकरणाचा जीव होता. पान चारशे सदतीस.

इंजिनिअर साक्षीला आला. बाईंनी त्याला पान उघडून शेवटचा परिच्छेद वाचायला सांगितलं. तो वाचू लागला, "ग्रीस, चार डबे. हातमोजे, दोन डझन."

बाईंना वाटलं, गडी खोडसाळपणा करतोय. "राहू द्या, मीच वाचते," म्हणून त्यांनी आपल्या प्रतीतलं पान उघडलं, ओळीखाली बोट धरलं आणि सबंध परिच्छेद स्वल्पविरामासकट म्हणून दाखवला. बोट ग्रीसच्या डब्यांवर.

पंचांच्या अध्यक्षांनी चष्मा वर केला. हे आपल्या पानावर नाही, असं ते म्हणाले. आपल्या समोरच आहे, बाई म्हणाल्या. माईक चालू, कुजबुजायची सोय नाही, म्हणून मी चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत 'चारशे एकोणचाळीस' लिहून पुढे सरकवली. बाईंनी ती नुसती चाचपली. अध्यक्ष अगदी हळू म्हणाले, "तुमच्या ज्युनिअरने काही दिलंय. बघता का?"

तेव्हा बाईंनी चिठ्ठी उचलली, डोळ्याच्या कडेशी नेली आणि कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून बघितली. सगळ्या खोलीने ते पाहिलं.

समोरचा वकील म्हणजे जुना कोल्हा. तो उठला आणि आपलीच कंबर धरलीय असं सांगून त्याने पंधरा मिनिटांची सुट्टी मागितली. बाहेर व्हरांड्यात बाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "वीस वर्षांत या माणसाने मला एक मिनिट दिलं नव्हतं."

परत येऊन त्यांनी उलटतपासणी पुरी केली. प्रत्येक आकड्यात मनातल्या मनात दोन मिळवले, एकदाही चुकल्या नाहीत. पण संध्याकाळी दोघे भाऊ भेटायला आले. थोरला दारापाशीच थांबला. धाकटा म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण कारखान्यात तीनशे माणसं आहेत."

"मीही हेच केलं असतं," बाई म्हणाल्या आणि नव्या वकिलासाठी कागद आवरू लागल्या.

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. चूक माझी होती, एवढं वाक्य जिनाभर घोकलं होतं.

"तुझीच," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांत असला आगाऊपणा पाहिला नव्हता. पण चिठ्ठी पाहिली अशी थाप मारली ती मी. बस, चहा घे."

अकरा महिन्यांनी निवाडा लागला. भाऊ जिंकले. त्यांनी बाईंना एक प्रत पाठवली आणि ती वाचून दाखवायला बाईंनी मला बोलावलं. मास्तर घरात असताना मला कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "हे वाईट तेवढं गाळतात. दोन वर्षं झाली, आमच्या वर्तमानपत्रात कोणी मेलंच नाही." मास्तर खिडकीकडे बघून हसले.

तीन रविवार वाचत होतो. इंजिनिअरचं पत्र पंचांनी अख्खं उतरवलं होतं. ते मी वाचत असताना बाईंचे ओठ हलत होते. शेवटी खर्चाचा भाग आला. परिच्छेद एकशे शहाऐंशी. मध्येच वकील बदलल्याने चार महिने वाया गेले, त्याचा भुर्दंड भावांवर. आणि पुढे एक वाक्य: आपल्या दृष्टीची स्थिती पहिल्या वकिलांनी पक्षकार व पंच यांच्यापासून दडवली, ही खेदाची बाब आहे.

माझी जीभ एकशे पंच्याऐंशीवरून एकशे सत्त्याऐंशीवर गेली. मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आमच्याबद्दल काही लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"अजून वाचायचंय थोडं," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी."

त्यानंतर बरेच रविवार झाले. एक परिच्छेद मी बाईंना देणं लागतो. दर वेळी जाताना प्रत पिशवीत असते.