उर्वीचा बसलेला आवाज

वॉटरपोलो म्हणजे पाण्यातला हँडबॉल, असं उर्वी विजयकर विचारणाऱ्याला सांगायची आणि मोकळी व्हायची. खरं तर तो पाण्यातला दंगा. वर चेंडू, खाली लाथा. आणि खालचं पंचांना दिसत नाही.

शिवाजी पार्कजवळच्या तलावात पोहायला शिकलेली ही मुलगी कॉलेजात असतानाच भारताची गोलकीपर झाली, ती हातांइतकीच गळ्याच्या जोरावर. पुढच्या सहाजणींची डोकी पाण्यालगत. त्यांना लाटा आणि समोरचीची कोपरं एवढंच दिसतं. प्रतिस्पर्ध्यांपैकी कोण मोकळी सुटलीय, हे गोलकीपरनं मागून ओरडून सांगायचं. उर्वी ओरडली की तलावाबाहेर वडापाव खाणाऱ्याला ठसका लागायचा. "आमच्या पोरीला भीती ठाऊकच नाही," तिची आई दुर्गाताई कौतुकानं सांगायच्या.

मग गेल्या वर्षी परदेशातल्या एका सामन्यात, गोलसमोरच्या झटापटीत कुणाचा तरी गुडघा उर्वीच्या खांद्यावर आला नि ती खाली गेली. वर कुठे, खाली कुठे, कळेना. नाकातोंडात पाणी गेलं. ती वर आली तेव्हा गोल झाला होता आणि घडलेलं कुणाच्या गावीही नव्हतं.

तेव्हापासून पाण्यात उतरलं की तिच्या घशाला कुलूप. तोंड उघडलं की पाणी आत येणार आणि आपण मरणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. बादलीतला तांब्या डोक्यावर ओतायचीही धास्ती. घरी म्हणाली, घसा बसलाय. आईनं ज्येष्ठमध दिला. प्रशिक्षक रघुवीर सर मात्र फसले नाहीत. यंदाच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "मुकी गोलकीपर मला चालणार नाही, उर्वी. उद्याचा सामना बघतो. नाहीतर दुसरी उतरेल."

दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच चार गोल बसले. उर्वीचे ओठ घट्ट मिटलेले. मग तिच्या हाताला लागून चेंडू गोलशेजारून बाहेर गेला आणि समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बचावाला मुंबईच्याच शीवची मधुरा होती. तिचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. ती वळली. चेहरा पांढराफटक.

"ताई, ओरड ना गं! तू गप्प असलीस की मागे कोणी नाहीच असं वाटतं. जाम भीती वाटतेय मला."

एवढे महिने उर्वीला फक्त स्वतःचीच भीती दिसत होती.

"मला पण!" ती किंचाळली. "मला पण मरणाची भीती वाटतेय गं!"

बाकीच्या पाचजणी केरळच्या नि बंगालच्या. त्यांना मराठीचा गंध नाही. पण हा आवाज त्यांनी वर्षभर ऐकला नव्हता. हुकूमच सुटला असं समजून पाचीजणी सपासप हात मारत गोलकडे परतल्या.

कॉर्नरवरून चेंडू आला. लाट थेट उर्वीच्या उघड्या तोंडात शिरली. तिनं पाणी थुंकलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

"मधुरा, डावीकडे!"