अमीनसाहेबाचे उलटे आटे

माणूस बोल्ट कसा आवळतो ते बघून आटेअप्पा त्याची नियत सांगायचे. पाना परत देऊन गेलेल्या गिऱ्हाइकाच्या पाठीकडं बघत म्हणायचे, "मास्तर, ह्यो घरात हात उचलतंय बघा." आणि महिन्या-दोन महिन्यांत ते खरं निघायचं. भूमच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आणि त्यांचं सायकलचं दुकान यांत एका तट्ट्याचं अंतर, त्यामुळं हे सगळं मला फुकटात ऐकायला मिळायचं.

नट-बोल्टचे झिजून गेलेले आटे पुन्हा पाडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव. भोक थोडं मोठं करायचं, आटे पाडायचा टॅप तेलात बुडवून घालायचा, अर्धा वेढा पुढं, पाव वेढा मागं. "घाई केली की टॅप मोडतंय," म्हणायचे. कामाच्या वेळी त्यांच्याशी बोलायला गेलं, की नुसतं "हं" मिळायचं.

सोमवारी मात्र दुकान बंद. कपाळाला भस्म लावून, तळहातावर लिंग घेऊन अप्पा पूजेला बसले, की दारात खुद्द निजाम आला तरी उठायचे नाहीत. निजाम आला नाही, त्याचा अमीन आला, म्हणजे आमचा फौजदार. फटफटीच्या मागं सामानाच्या लोखंडी कॅरेजचा बोल्ट ढिला झाला होता. अप्पा म्हणाले, "आज सोमवार हाय सायब. उद्या या." या मुडद्यानं पूजा होऊ दिली नाही. भर रस्त्यावर ओढलं, उजवा हात दगडावर ठेवायला लावला आणि बुटाच्या टाचेनं तीन बोटं चेचली. आम्ही सगळे बघत उभे होतो. मीही होतो, त्याची लाज मला अजून वाटते.

अप्पा डाव्या हातानं काम शिकले. पहिले चार महिने पाना हातातून सुटायचा, तेव्हा कानडीत काहीतरी पुटपुटायचे. मी अर्थ विचारला तर म्हणाले, "चांगलं न्हाय ते. अमीनसायबासाठी ठेवलंय."

अमिनाला एक खोड होती. त्याचा कुणावर भरवसा नव्हता. गाडी थांबली, की स्वतः पाना काढून कॅरेजचे बोल्ट आवळायचा. आवळून आवळून आटे खाऊन टाकले आणि एका शनिवारी निर्लज्जासारखा फटफटी घेऊन अप्पांच्याच दारात आला. दुसऱ्या दिवशी त्याला कॅरेजवर एक पेटी बांधून धाराशिवला जायचं होतं. त्या पेटीत काय आहे ते चावडीवरच्या माणसानं मला सकाळीच कानात सांगितलं होतं. लपूनछपून झेंडा लावणाऱ्या अकरा पोरांची नावं. अमिनानं कारकुनावरही भरवसा न ठेवता यादी स्वतः लिहिलेली, दुसरी प्रत नाही. त्यात माझा धाकटा भाऊ गणपत होता. अमीन चहाला गेला तसा मी तट्ट्याआडून अप्पांना हे सांगितलं.

अप्पांनी ऐकलं आणि टॅपांच्या डब्यात हात घातला. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, डावीकडं फिरवलं की बसतात. त्याचा टॅप वेगळा. अप्पांनी तोच काढला. गेलेल्या भोकांत उलटे आटे पाडले, जुन्या डाव्या पायडलांचे दांडे कापून त्यांचेच बोल्ट केले, वरून काळा रंग फासला. अमीन आला, हलवून बघितलं, खूश झाला. अप्पा हात जोडून म्हणाले, "वाटंत एक-दोन डाव बघून घ्या सायब. नवं काम हाय."

अरे, त्याला सांगायची गरज होती का! प्रत्येक थांब्याला त्यानं बोल्ट आवळले, म्हणजे सोडले. सैल लागतंय म्हणून आणखी जोर लावला. नदीच्या फरशी पुलावर पाणी होतं, अलीकडं थांबून शेवटचं आवळून तो निघाला आणि मधोमध कॅरेज, पेटी, यादी सगळं पाण्यात गेलं. मागच्या सीटवर बसलेला शिपाईच ही हकिकत हसत हसत सांगत होता. अमीन पुन्हा यादी लिहीपर्यंत गणपतनं सगळ्यांना गाठलं आणि त्या रात्रीत अकराही पोरं निजामाची हद्द ओलांडून बार्शीला पोचली.

धाराशिवच्या मिस्त्रीनं फटफटीच्या भोकांतले उलटे आटे ओळखले. तिसऱ्या दिवशी अप्पांना उचललं. चावडीत अमिनानं विचारलं तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "म्या बशिवले. सोडले तुमी." निजामी संपेपर्यंत ते तुरुंगात राहिले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा डावा हातही कापत होता. टॅप धरणं संपलं.

शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार ठेवला. राज्य बदललं तरी अमीन नोकरीत टिकला होता. नवी टोपी घालून व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत बसला होता. माझ्या शेजारी गणपत दात खात होता. एक पुढारी उठले, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणाले, अप्पांनी मोठ्या मनानं साहेबांना कधीच माफ केलंय म्हणाले, आणि अप्पांच्या गळ्यात हार घातला.

अप्पा उभे राहिले. हार काढून खुर्चीवर ठेवला.

"कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "म्या न्हाय केलं माफ. करणारबी न्हाय."

आणि खाली उतरून घरी चालू लागले. मी उभा राहिलो आणि एकट्यानं टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत.