हळकुंडाची निवडणूक

आमच्या गावात पहिलं मतदान झालं ते हळकुंडांनी. पोलीस ॲक्शन व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. राज्य निजामाचं, आणि त्या राज्यात आमचं काम एवढंच की वरून हुकूम आला की मान हलवायची. पण कनेरगावच्या पलीकडं इंग्रजांचं वऱ्हाड सुरू व्हायचं. तिकडचे सोयरे लग्नकार्याला आले की आम्ही अमक्याला मत दिलं, तमक्याला पाडलं अशा बढाया मारायचे. आम्ही गुमान ऐकून घ्यायचो. आमच्याकडं पाडायला कोणी उभंच राहत नव्हतं.

अशात एकदा तहसीलीतून हुकूम आला की गावात पंचायत करा, सरपंच गावानं निवडा आणि निवडलेल्या सरपंचानं लिहा-वाचायला एक मुन्शी नेमावा. पंचायत कशाशी खातात हे गावाला ठाऊक नव्हतं. मला मात्र त्या हुकुमात एकच शब्द दिसला, तो म्हणजे मुन्शी. मी हिंगोलीला राहून उर्दू शिकून आलो होतो आणि दोन वर्षं घरी बसून होतो. वडील लहानपणीच गेले. त्यांची जमीन माझ्या नावावर होती, पण मी औताला हात लावला की बैलसुद्धा मागं वळून बघायचे. शेत मामा करायचे आणि मी मामींच्या हातच्या भाकरी खायचो. ही नोकरी मिळाली नाही तर बाविसाव्या वर्षी त्या बैलांकडून नांगरट शिकायची वेळ येणार होती.

सरपंचकीला दोघं उभे राहिले. एक माझे मामा. दुसरे वरच्या आळीचे बडे जमीनदार, त्यांना सगळं गाव 'मालक' म्हणायचं. मामा निवडून आले तर मुन्शी मी, यात कुणाला शंका नव्हती. मालकांना एक जावई होता, घरजावई. त्याला सही करायला अर्धा दिवस लागायचा, पण जावई तो जावईच.

मग दोघं मत मागायला निघाले. आमच्याकडं मागायला निघालं की एकही उंबरठा वगळता येत नाही. वगळलेलं घर तो अपमान मरेपर्यंत जपून ठेवतं. त्यामुळं मालक सगळ्या गावात हिंडले आणि शेवटी मामांच्याही दारात आले. मामांनी घोंगडी टाकली, पानसुपारी दिली. मालक म्हणाले, "तुमचं मत मला असू द्या." मामा म्हणाले, "व्हय, व्हय, तुमचंच हाय." दुसऱ्या दिवशी मामा मालकांच्या वाड्यावर गेले. तिथंही घोंगडी, पानसुपारी आणि "तुमचंच हाय." मला हसू आवरेना. मामी म्हणाल्या, "जमीन नांगरायला बैल, खुरपायला आमी आन् मत द्यायला तुमी. द्या बापा, कोणालाबी द्या."

एकदा मालकांनी मला रस्त्यात गाठलं. खांद्यावर हात ठेवला. ते एरवी मला ओळखही दाखवत नसत. म्हणाले, "कोणीबी निवडून येऊ दे, मुन्शी तूच. जावयाला काय येतं? आपला शब्द हाय." मी पायाशी बघून नुसता हसलो. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी बराबर ओळखला असणार.

मतदानाच्या दिवशी सकाळीच गिर्दावरसाहेब घोड्यावरून आले. हे तहसीलदाराच्या हाताखालचे अंमलदार, अंगानं सडपातळ आणि आवाजानं दांडगे. जमीन ज्याच्या नावावर त्याला मत, असे एकेचाळीस जण निघाले. कागदावर लिहिणारे त्यांत तीनच. खडे वापरावेत तर ते गावभर पडलेले. साहेबांनी सुपारी सुचवली, पण पोलीस पाटील हळूच म्हणाले की सुपारी हातात दिली तर मडक्यापर्यंत पोचायची नाही, वाटेतच खातील. मग वसमतच्या बाजारातून आलेली हळकुंडं वाण्याकडून मागवली. चावडीच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत दोन मडकी ठेवली, एकाच्या गळ्याला तांबडं फडकं, ते मामांचं, दुसऱ्याला पांढरं, ते मालकांचं. दाराला घोंगडी टांगली. साहेबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "एक आदमी, एक हळकुंड. जो पसंत हो उसके मटके में डालो." मोडू नका असं काही ते बोलले नाहीत. ते त्यांना सुचणार तरी कसं?

नावं पुकारून हळकुंड द्यायचं काम माझ्याकडं होतं. एकेक जण आत जायचा आणि थोड्या वेळानं आतून 'कट्' असा आवाज यायचा. गावातल्या प्रत्येकाच्या पानसुपारीच्या चंचीत अडकित्ता असतोच. साहेब वैतागले. "ये लोग अंदर सुपारी खाने जाते क्या?" मलाही तसंच वाटलं.

माझी पाळी शेवटची. आत गेलो. मामा तर येणारच, मग माझ्या अर्ध्यानं त्यांचं काय बिघडतं? आणि चुकून मालक आलेच, तर त्यांच्या मडक्यातही आपलं काहीतरी असावं. सगळ्या गावात मीच एक हुशार, असं मला त्या अंधारात वाटलं. अडकित्ता नव्हता म्हणून हळकुंड दाढेखाली धरून कडकन तोडलं, अर्धं इकडं टाकलं, अर्धं तिकडं.

मडकी घोंगडीवर पालथी केली आणि सगळे पुढं वाकले. जिकडं बघावं तिकडं अर्धी हळकुंडं. इकडं चाळीस, तिकडं चाळीस. सगळ्या ढिगात साबूत असं एकच, आणि ते मालकांच्या मडक्यातलं.

साहेब ओरडले. "ये क्या तमाशा है?" पुढं बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं. तो जराही न बिचकता म्हणाला, "दोघायला शब्द देलता साहेब. नवरदेव आन् नवरी एकाच गावातले असले की हळद दोन्ही घरी न्यावीच लागते. एकाला देली आन् दुसऱ्याला न्हाई, तर उद्या तोंड कसं दाखवावं?" बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांना आपण काही चुकलो असं वाटतच नव्हतं. उलट साहेबांना एवढी साधी रीत माहीत नाही, याची त्यांना कीव येत होती.

साहेबांनी घोड्याकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं आणि निकाल दिला. मोडकी मतं रद्द. साबूत मत एक. मालक बहुमतानं सरपंच. तो निकाल सुंदर उर्दू अक्षरात मीच लिहिला. पंचायतीचं मी केलेलं हे पहिलं आणि शेवटचं काम. कारण मालकांनी तिथल्या तिथं मुन्शी म्हणून जावयाचं नाव सांगितलं आणि माझ्याकडं बघितलंही नाही. ते साबूत हळकुंड कुणाचं हे सांगायला ज्योतिषी नको होता. अख्ख्या गावात शब्द मोडणारा एकच माणूस होता आणि त्यालाच आम्ही सरपंच केलं.

घरी निघालो तेव्हा ऊन कललं होतं. मामा पुढं, मी मागं. मामांच्या मडक्यात एकही साबूत नव्हतं. म्हणजे त्यांनी स्वतःचंही तोडलं होतं आणि मीही, हे दोघांनाही कळून चुकलं होतं. एक जरी साबूत असतं तरी बरोबरी झाली असती. ओढ्यापाशी ते थांबले.

"मी माझंच तोडलं बाबा," ते म्हणाले. "मालक दारात आलते. व्हय म्हणून बसलो होतो. तुझी नोकरी घालवली मी." त्यांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. मी मामांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पण तू काहून तोडलंस रे?"

मी म्हणालो, "मालकाला मीबी शब्द देलता, मामा."

मामांचा चेहरा एकदम उजळला. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "मग बराबर केलंस. नोकरी गेली तर जाऊ दे."

मी शब्द दिलेला नव्हता. घेतलेला होता.

घरी पोचताच त्यांनी मामींना सांगितलं, "नोकरी गेली, पण पोरगं माझ्यावर गेलंय. माणसाला देलेला शब्द त्यानं पाळला." मामींनी माझ्या ताटात गरम भाकरी वाढली आणि वर तूप घातलं, जे आमच्या घरी सणालाच निघायचं. मला तोंड वर करवेना. मी ती भाकरी सगळी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी कोणी सांगायच्या आत औत घेऊन शेतावर गेलो.