खांबाशेजारची मोकळी जागा

कंपनीने पुण्याहून दिल्लीला पाठवलं, तेव्हा परवडेल असं घर गाझियाबादलाच मिळालं. नवी कोरी इमारत, खाली पार्किंग, त्याच्या वर पहिल्या मजल्यावर आम्ही. घरोघरी पहिलीवहिली गाडी येत होती ते दिवस. गाडी लावायच्या जागेवरून रोज सकाळी हमरीतुमरी व्हायची, आणि तरी आमच्या घराच्या बरोबर खालच्या खांबाशेजारी एक जागा कायम मोकळी असायची. मला वाटलं, नशीब उघडलं. मी स्कूटर तिथे लावू लागलो.

आठवडाभरात कारण दिसलं. खांबाला उभा तडा गेला होता. मी त्यात स्कूटरची किल्ली घालून पाहिली, तर ती निम्मी आत गेली. घाईघाईने बाहेर काढली, कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्कूटर गेटपाशी लावली.

झोप उडाली माझी. पण बोलणार कुणाशी? माणसं खांबासमोरून गप्पा मारत जायची, कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. एवढी माणसं निवांत आहेत, म्हणजे मीच मूर्ख, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. तसा मी जन्माचा घाबरट. बायको मला भित्री भागूबाई म्हणायची, आणि निदान या वेळी तरी ते खरं ठरावं असं मला मनापासून वाटायचं. तिला मी काही सांगितलं नाही. कूलरचा वारा थेट लागतो, असं काहीतरी म्हणून मुलीचा पाळणा हलवायला गेलो, तर तिने तो आधीच टोकाच्या खोलीत नेला होता. म्हणाली, तिथे डास कमी आहेत. मी बरं म्हटलं.

मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. समोरच्या इमारतीतल्या आंटी तिला रोज दुपारी खेळायला न्यायच्या आणि अंधार पडेपर्यंत सोडायच्या नाहीत. परक्या गावात एवढी माया करणारं माणूस भेटलं, म्हणून आम्ही दोघं भारावून जायचो.

एका रविवारी दुपारी, मुलगी आंटींकडे असताना, आम्ही जेवत होतो आणि पंखा डोलायला लागला. ताटातली वाटी सरकली. भूकंप आहे हे कळायच्या आत आम्ही अनवाणी खाली धावलो होतो. थोड्या वेळात धक्के थांबले. मग मी आजूबाजूला पाहिलं. अख्खं आवार मोकळं होतं, तरी झाडून सगळी सोसायटी गेटजवळच्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांना खेटून उभी होती. सगळे त्या एकाच खांबाकडे बघत होते. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

सेक्रेटरी म्हणाले की झालं सगळं, आता चला वर. कुणी हललं नाही. तेही हलले नाहीत.

गर्दीत आंटी आमच्या मुलीला छातीशी घट्ट धरून उभ्या होत्या. बायकोने तिला घेतलं, तशा त्या रडायला लागल्या.

"इसीलिए तो मैं रोज़ इसे ले जाती थी," त्या म्हणाल्या. "हमें लगा, आपको तो मालूम ही होगा."

मालूम होतंच. मला होतं, आणि बायकोने मान खाली घातली तेव्हा कळलं, तिलाही होतं. डास कसले नि कूलर कसला. इतके दिवस मी एकाच आशेवर त्या घरात झोपत होतो, की आपण उगाच घाबरतोय. ती आशा आंटींच्या एका वाक्यात संपली. आता मी एकटा घाबरत नव्हतो, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

उन्हं उतरल्यावर दिल्लीला, मित्राच्या मुनिरक्यातल्या खोलीवर जायचं ठरलं. पाळणा तेवढा घेऊन येतो म्हणून मी जिन्याकडे निघालो. सगळे बघत होते. बायकोने मागून येऊन माझा शर्ट धरला.

"राहू दे पाळणा," ती म्हणाली.

भित्री भागूबाई म्हणाली नाही. म्हणाली असती, तर किती बरं वाटलं असतं.